पुरातलं भाडं बायकोच्या हातात

४ फेब्रुवारी

त्या सकाळी मी म्हशीची धार काढली, सडा टाकला, ह्यांच्या दोन भाकरी फडक्यात बांधल्या — रोजचंच. "च्या आल्यावर पेतो," म्हणून हे होडी घेऊन गेले. गोदावरीला पूर होता. आठ माणसं पलीकडं उतरवली. एकटे परतताना नाव उलटली, हे गेले. सात वर्षं झाली.

आज आठवलं ते पोराच्या, रवीच्या फोनमुळं. रविकांत जहाजावर आचारी आहे. परदेशात एका नदीतल्या बंदरात जहाज अडकलंय. तिकडं लढाई, पाण्यात सुरुंग. समुद्रापर्यंत वाट दाखवायला पायलट लागतो, आणि पायलट तिप्पट भाडं मागतायत. जहाजावर चार देशांची माणसं, म्हणून चार देशांचे कॉन्सुल — वकिलातीचे साहेब — रोज जहाजावर येऊन घासाघीस करतात. तोवर माझं पोरगं तिथंच!

५ फेब्रुवारी

शेजारच्या चतुराबाईला सांगितलं. "पायलट तर इमानाला असतंय की! जहाजाला कशाला?"

"पान्याखाली काय हाय ते कुनाला दिसतंय?"

"मंग तुमच्या मालकावानीच की ते."

बाई सहज बोलून गेली. मला दिवसभर पुरलं.

७ फेब्रुवारी

वाचनालयातून नकाशाचं पुस्तक आणलं. रवीच्या पाटीवर अक्षरं शिकले, आता त्याची नदी शोधतेय. सापडली! बोटभर लांब. एवढ्याशा नदीसाठी चार साहेब!

९ फेब्रुवारी

साहेब दुप्पट भाड्याला कबूल झाले. आता भांडण, द्यायचं कधी? साहेब म्हणतात, समुद्र लागल्यावर. पायलट म्हणतात, आधी. आम्ही मेलो तर कोण देणार?

मी रवीला म्हटलं, "आरं, आपल्या घाटावर कसं व्हतं? एरवी पलीकडं उतरल्यावर भाडं. पूर असला की आधी. तेबी नावाड्याला न्हाई, त्याच्या बायकोच्या हातात."

"आई, हे कॉन्सुलला सांगू?" हसायलाच लागला.

"सांग की! च्या देतूस ना त्यान्ला? कप ठेवता ठेवता सांग."

१० फेब्रुवारी

फोन नाही. तीन भाकरी करपल्या.

१२ फेब्रुवारी

ठरलं! रवीनं कप्तानाला सांगितलं, कप्तानानं साहेबांना. एका साहेबानं विचारलं म्हणे, ही बाई कुठल्या बंदराची? रवी म्हणाला, परभणी जिल्हा! साहेबानं लिहूनसुद्धा घेतलं.

पायलटची बायको धक्क्यावर आली. पैसे न मोजताच कोटाच्या खिशात घातले तिनं. रवीला नवल वाटलं. मला नाही. मीही मोजले नव्हते. त्या सकाळच्या आठ जणांच्या वीस-वीसच्या नोटा अजून हळदीच्या डब्यात आहेत. चतुराबाई म्हणते, मोडा की. पण मोडले तर ती फेरी संपली, असं वाटतं. म्हणून राहिलेत.

१५ फेब्रुवारी

समुद्र लागला! आणि पायलट परत घरी पोचल्याचा निरोपही आला. मी आधी तेच विचारलं होतं.

चतुराबाईला साखर दिली. म्हणाली, "पेढं कवा?"

२८ फेब्रुवारी

रवी काल परभणीला उतरला. काल सकाळी धार काढली, सडा टाकला. मग हळदीचा डबा उघडला. पिवळ्या पडलेल्या नोटेनं एसटीचं तिकीट काढलं, उरलेल्यांचे पेढे घेतले आणि स्टेशनवर जाऊन उभी राहिले.