तात्यांच्या वेडाचा दाखला

६ डिसेंबर १९३६, नंदुरबार
दवाखान्यात मुकुंदराव वकील आले. रनाळ्याच्या तात्या पाटलांचे जावई. तात्या आमच्या बँकेचे चेअरमन. म्हणाले, "मामांचं डोकं ठिकाणावर नाही. तेवढा दाखला द्या, डॉक्टर." रोगी न पाहताच? आवाज फार गोड.

७ डिसें.
रनाळ्यास गेलो. तात्या भिंतीशी बोलत होते, अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत होते. तोंड कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेले. हे वेड नव्हे. धोतरा! जवळजवळ नक्की. लेक कमळाबाई उशाशी, डोळे सुजलेले. "बाबाले काय व्हयनं, समजत नई."
वकील धुळ्याला गेलेले. तेवढ्यात हवापालट म्हणून तात्यांना टांग्यात घालून माझ्या घरी आणले.

१० डिसें.
तात्या शुद्धीवर. भाकरी मागितली. मग आपणहून बोलले. मुंबईची एक पेढी बँक गिळायला बघते. बदल्यात जावयाच्या निवडणुकीला पैसा. तसे झाले तर बँकेच्या कर्जदारांनी कापूस कोणाला, काय भावाने विकायचा हे पेढी ठरवणार. बाकी पंच फुटले निम्मे. तात्यांचे मत आडवे. चेअरमन वेडा ठरला की प्रश्न मिटला.
धोतऱ्याचे सांगितले. खायला कोण देते, विचारले. तोंड फिरवून पडून राहिले.

११ डिसें.
वकील घरी. "पाहुणचार पुरे झाला." तात्यांना पाठवले नाही. जाता जाता, "निवडून आलो की सरकारी दवाखान्यासाठी तुमचंच नाव." ही लाच की धमकी?
आमचा कंपाउंडर त्यांना सोडायला टांग्यापर्यंत का गेला? तात्यांचे पाणीसुद्धा आता मीच भरतो.

१४ डिसें.
बँकेची सभा. तात्या ताठ चालत आत गेले. मी दाराशी. ठराव वाचला. तात्यांनी हात वर केला. पेढीच्या बाजूने! ठराव मंजूर.
ओट्यावर गाठले. "तात्या, हे काय केलंत?"
"दूध मन्ही पोर देस, डॉक्टर. माले पहिलेच समजनं व्हतं."
मी त्यांना बाजूला नेले.
"तुम्ही बोलशात तर ती तुरुंगमा जाई. एकच पोर शे मन्ही." म्हणजे मत देऊन लेक वाचवली.
टांग्यात कमळाबाई बसलेली. बापाच्या खांद्यावर तिने शाल नीट केली. माझ्याकडे पाहिले नाही.

१५ डिसें.
फौजदाराकडे जाण्यासाठी कोट चढवला, परत काढला. काय सांगणार? तात्याच नाकबूल करतील. आणि आता मत मिळाले, मग त्यांना त्रास देण्याचे कारण उरले नाही. असे स्वतःला समजावतोय. पण तात्यांना सगळे ठाऊक आहे, हे वकिलांना कळले तर...

१७ डिसें.
रनाळ्याहून खोकल्याचा एक रोगी आला. सहज म्हणाला, "तात्याले कालपाइन ताप शे. कमळाबाई म्हणस, डाक्टर नको."
ताप खराही असेल. थंडी पडली आहे.
टांगा जुंपायला सांगितला. कंपाउंडर विचारतो, "कुठे?" धानोऱ्याला, म्हणालो. रनाळ्याचे नाव त्याच्या कानी नको.