ऋतुजाला काही न ठेवण्याबाबत

विवाह अधिकाऱ्यांच्या फलकावर लावलेल्या नोटिशीची तीस दिवसांची मुदत पूर्ण झाली असून कायद्यात बसणारी एकही हरकत आलेली नाही. माझे मित्र कुंडलिक यांनी काल, सोमवारी, स्वतः कार्यालयात जाऊन कारकुनाकडून याची खात्री करून घेतली. नोटिशीवर दोन नावे आहेत : माझी नात ऋतुजा, वय चोवीस, आणि तिच्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारा अल्तमश, वय सव्वीस.

मी सिद्धनाथ गुंडा मेटकरी, वय शहात्तर, निवृत्त पत्रकार, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आपण कोणाच्या दडपणाखाली नाही, असे इथे लिहायची प्रथा आहे. दडपण आहे. ते या कागदावर नाही, जिन्यावर आहे.

फलकावरच्या नोटिशीचा कोणीतरी फोटो काढला आणि तो मोबाइलवरून आमच्या घरी पोचला. माझा मुलगा बापूसाहेब हरकत घ्यायला गेला, तेव्हा बापाला पसंत नसणे हे कारण चालत नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्या दिवसापासून, म्हणजे एकोणीस दिवस, ऋतुजा वरच्या खोलीत आहे. जिन्याला लोखंडी ग्रिल आहे आणि त्याला बाहेरून कुलूप. तिचा फोन काढून घेतला, दुसऱ्या दिवशी माझाही. मी वॉकरवर ग्रिलपर्यंत जातो. पुढे तेरा पायऱ्या आहेत.

“आजोबा, तुमच्या लेखातल्या पोरी पळून जायच्या,” ती वरून म्हणाली. “त्यांच्या जिन्याला ग्रिल नव्हतं की काय?”

“असेल. मी चौकशी केली नाही.”

“बातमीदार असून?”

कलम १. जुळे सोलापूर येथील माझे स्वकष्टार्जित घर, तळमजला व वरच्या खोलीसह, माझ्यानंतर बापूसाहेबाला मिळावे. यात काही अट नाही. ग्रिलही त्यालाच.

कलम २. बँकेतील ठेव कुंभारीला राहणारी माझी बहीण काशम्मा हिला द्यावी. लग्नात तिला द्यायच्या पाटल्या मोडून माझे शिक्षण झाले. ही गोष्ट तिने कधी काढली नाही, मीही काढली नाही. माझे न काढणे वेगळ्या कारणाने होते.

कलम ३. नाटक-सिनेमा आणि पुस्तकांवर मी बत्तीस वर्षे दर आठवड्याला लिहिले. त्या कात्रणांचे चार गठ्ठे कोणत्याही ग्रंथालयाला देऊ नयेत, रद्दीत घालावेत. जातीधर्माबाहेर प्रेम करणाऱ्यांच्या धैर्याबद्दल मी इतके लिहिले, की लोक मला त्या विषयातला जाणकार समजू लागले. खरी गोष्ट अशी आहे.

१९७४ साली अजीजा नावाच्या शिक्षिकेशी माझे लग्न ठरले होते, म्हणजे आम्ही दोघांनी ठरवले होते. तिचे वडील इलाहीबक्ष ट्रक चालवायचे. एका शुक्रवारी दुपारी तीनला एसटी स्टँडवर भेटायचे, मोडनिंबला मित्राकडे जायचे आणि तिथून पुढे, असा बेत होता. ती सहापर्यंत थांबली. मी कचेरीत परीक्षण लिहीत होतो, राजकन्या आणि नावाड्याच्या एका सिनेमाचे. मजकूर द्यायचा होता म्हणून अडकलो, असे मी पुढे सगळ्यांना सांगितले. मजकूर पाचला द्यायचा होता. मी तो अडीचलाच दिला होता. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी रिकाम्या टेबलाशी बसून राहिलो.

तिचे लग्न दुधनीला झाले. अकरा वर्षांनी एका समारंभात भेटली, तेव्हा म्हणाली, “वाचती मैं तुम्हारा. हिम्मत पे बहुत अच्छा लिखते जी.” आजवर इतके नेमके परीक्षण मला कोणी दिले नाही.

कलम ४. दुरुस्ती. अशा प्रेमाला मरणाचाच शेवट शोभतो, असे मी निदान वीस वेळा छापले आहे. ते चूक होते. जुन्या कथांपासून परवाच्या सिनेमापर्यंत लेखक त्या दोघांना मारतात, कारण पुढचा मंगळवार लिहायला अवघड असतो. वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी : त्यांनी जगावे, भाजी आणावी, भाड्याच्या घरात पंख्यावरून भांडावे.

कलम ५. ऋतुजाला मी काहीही ठेवलेले नाही. तिच्यावर माझा राग नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ठेवलेले वादात सापडते. तिला साक्षीदार करण्याची सूचना बापूसाहेबाची आहे.

“तात्या, पोरीलाच साक्षीला घ्या की. तिनं सही केली म्हंजे फुडं वाट्याचं भांडण न्हाय.”

“साक्षीदाराला कचेरीत यावं लागेल.”

“मी आणतो की गाडीतनं. घर कुणाला?”

“तुला.”

“मग झालं.”

“वाचून दाखवू?”

“तुमचं लिवलेलं कवा वाचलंय का मी?” असे म्हणून तो दुकानात गेला. त्याचे पंप-मोटारींचे दुकान आहे. मी त्याला एकही शब्द खोटा सांगितलेला नाही.

साक्षीदाराच्या नवरा-बायकोलाही काही ठेवू नये, असा संकेत आहे. म्हणून अल्तमशलाही काही नाही.

कलम ६. उद्या बुधवारी अकरा वाजता दुय्यम निबंधकांसमोर नोंदणी होईल. विवाह अधिकाऱ्यांची खोली त्याच व्हरांड्यात, दोन दारे सोडून आहे. साडेअकराची वेळ कुंडलिकने घेऊन ठेवली आहे. अल्तमश आणि लग्नाचे तीन साक्षीदार आत बसलेले असतील. साक्षीदार सही करत असताना बापूसाहेबाला बाहेर थांबावे लागेल. ती चालत जाईल, तेवढा वेळ मी वॉकर घेऊन व्हरांड्याच्या मधोमध उभा राहणार आहे. मला ओलांडून जायला त्याला मला ढकलावे लागेल. तो तसे करील का, मला माहीत नाही. नंतर मला त्याच गाडीतून घरी यायचे आहे. तो काहीही बोलला तरी कलम १ बदलणार नाही.

स्थळ : सोलापूर. दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार : सिद्धनाथ गुंडा मेटकरी (सही उद्या, साक्षीदारांसमोर)

साक्षीदार १ : कुंडलिक जोतीराम काळे, वय त्र्याहत्तर, निवृत्त कंपोझिटर, सोलापूर.

साक्षीदार २ : ऋतुजा बापूसाहेब मेटकरी, वय चोवीस. पत्त्याची जागा मी रिकामी सोडली आहे. पत्ता ऋतुजा उद्या स्वतः लिहील.