डिकीतला रोट

प्रिय नवल,

कानबाईच्या कृपेने घरी सगळे बरे आहेत. तुझे दादा रोज विचारतात, नवलचा फोन आला का? मी नाही म्हणते. तू माझाही उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

माझी स्कूटी सापडली. तुमच्या धुळ्यातच, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. सोमवारी आम्ही कानबाईला निरोप द्यायला मेहरूण तलावावर गेलो, तू पोट दुखतंय म्हणून मागे थांबलास. परत आलो तर एस.टी.ने जातो अशी तुझी चिठ्ठी होती आणि अंगणात गाडी नव्हती. माझा संशय सरळ वरच्या भाडेकरूवर गेला. दीपकने दोनदा गाडी मागितलेली, दोन्ही वेळा मी पेट्रोलचा भाव ऐकवून परत पाठवलेला. पोलीस ठाण्यात मी त्याचंच नाव लिहून दिलं. तीन वेळा बोलावून त्याला दिवसदिवस बसवून ठेवलं. त्याची बायको पुनम जिन्यात म्हणाली, काकू, आम्ही तुमच्याकडे राहतो हाच गुन्हा का? शेजारच्या लिलाबाई तेवढ्या पुटपुटल्या, घरनाच माणूस शे अक्का, चावी तर देवघरमा व्हती. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

परवा गाडी ताब्यात मिळाली. डिकी उघडली तर कागदात गुंडाळलेला, नैवेद्याच्या रोटाचा तुकडा. कानबाईचा रोट आपल्या भाऊबंदांशिवाय कुणाच्या मुखी लागत नाही, उंबऱ्याबाहेर आपण देत नाही. रविवारी तुझ्या ताटात मीच वाढला होता. दीपकच्या हाती तो येणार कुठून? मी डिकी लावून टाकली आणि गप्प बसले. दोन दिवस दिवा लावताना देवीकडे बघवत नाही. धुळ्यात असं काय होतं की एस.टी.ची वाट पाहवली नाही? नाही नाही ते मनात येतं.

आज ठाण्यातल्या मॅडमना कायदा विचारून आले. चोरी ठरली तर तीन वर्षांपर्यंत. न विचारता नुसती नेली एवढंच ठरलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यात एक सूट आहे. विचारलं असतं तर मालकाने दिलीच असती, असं नेणाऱ्याला रास्त कारणाने वाटलं आणि ते कोर्टाला पटलं, तर शिक्षा होत नाही.

नवल, तुला पाचवीपासून मी वाढवलं, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तू मागितली असतीस तर मी दिली नसती. पण मॅडम म्हणाल्या, मालकाच्या मनात काय होतं ते नाही, नेणाऱ्याला काय वाटलं ते कोर्ट विचारतं. येत्या सोमवारी मी दीपकचं नाव मागे घ्यायला जाणार आहे आणि तो तुकडा मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. त्याआधी तू ये. वहिनीने दिली असती असं तुला वाटलं होतं का, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. तसं वाटलं नसेल, तरी ये.

तुझीच,
वहिनी