सुधारणेचे रसग्रहण

दिल्ली

सौ. पद्मावतीस,

जय जिनेंद्र. मी मजेत आहे, मफलर गळ्यातच आहे. तुझा गुडघा कसा आहे? मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की नुसतं हो म्हणतेस?

आपली नात कीर्ती गरीब देशांतल्या आर्थिक सुधारणा तपासते म्हणजे काय करते, ते काल कळलं. एका देशाने रेशनचं धान्य बंद करून लोकांच्या खात्यात पैसे टाकले. ते कसं जमलं, हे तिने लिहायचं. मी म्हटलं, "हे तर आपलं शाळेतलं रसग्रहण."

"आवं आजोबा, पैसे मिळाले, पण गावात दुकानच न्हाई. आणि साहेबांना नुसतं कौतुक पाहिजे. खरं लिहिलं तर नोकरी जाईल."

"मग दोष लिहू नकोस, बाळ. कविता कळली नाही की आम्ही 'शब्दकळा मोहक आहे' लिहायचो. अख्खा वर्ग त्यावर पास झाला."

ती लय हसली. सकाळी अहवाल पाठवून मला वाचून दाखवला. शेवटची ओळ अशी: 'योजनेची शब्दकळा मोहक आहे. जेवायला मात्र काही नाही.'

साहेब अजून बोललेले नाहीत. तू काळजी करू नकोस. जतच्या भावाकडून ज्वारी मागवशील तेव्हा थोडी जास्त मागव. कदाचित आम्ही दोघंही येऊ.

थोरांना नमस्कार, लहानांना पेढे मी आल्यावर.

तुझा,
धनपाल