मेंढीचा खालचा जबडा

प्रिय ठमे,

अकरा वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. हे मात्र शेवटपर्यंत वाच. तू औषधांच्या दुकानात काम करतेस, असं तुझ्या मावशीकडून कळतं. तुला पशुवैद्य व्हायचं होतं. ती पदवी तुला अजून मिळू शकेल का, हेच मी महिनाभर विचारत फिरते आहे.

पुढच्या आठवड्यात मी निवृत्त होईन. संग्रहालयातली कपाटं नव्या अध्यापकांच्या ताब्यात देणं चाललं आहे. ‘पूर्वदाढ’मधला ‘पू’ ऱ्हस्व लिहिणारी मंडळी. त्यांच्याविषयी अधिक न लिहिलेलं बरं. काल तिसऱ्या कपाटातला मेंढीचा तो जबडा हाती आला.

लहानपणी तू विचारलं होतंस, गाईचे वरचे पुढचे दात कोणी पाडले? मी तुझं बोट तिच्या हिरडीच्या टणक गादीवर टेकवलं होतं. गवत चिवट, त्यात माती. म्हणून चरणाऱ्या जनावराची दाढ उंच, टाकी लावलेल्या जात्यासारखी खरबरीत असते आणि झिजेल तसतशी हाडातून वर सरकत राहते, हेही तेव्हाच सांगितलं होतं. पुढे तू माझ्याच वर्गात आलीस, तेव्हा बाकीचे विद्यार्थी माझी वाक्यं पाठ करत. तू वस्तू बघायचीस.

तोंडी परीक्षेत मी त्या जबड्याचं वय विचारलं. माझ्या यादीत, माझ्याच अक्षरात, ‘नऊ वर्षे’ होतं. दाढांची मुळं दिसावीत म्हणून हाडाला पाडलेल्या खिडकीतून डोकावून तू म्हणालीस, ‘चार. मॅडम, झीज बघू नका, मुळं बघा. टोकं अजून उघडी आहेत, म्हातारपणी ती मिटतात. म्हातारी नव्हती हो ती, रेताड कुरणावर चरत होती.’ बाहेरून आलेले परीक्षक खो खो हसले. ‘काय बाई, आज तुमचीच परीक्षा दिसतेय!’ मला ते झोंबलं. पोटच्या मुलीला झुकतं माप दिलं, असंही कोणी म्हणायला नको होतं. मी तुला नापास केलं.

निकालाच्या संध्याकाळी तू एवढंच विचारलंस, ‘आई, तू मुळं तरी पाहिलीस का गं?’ घरात परीक्षेचा विषय नको, असं म्हणून मी ताटं मांडायला घेतली. फेरपरीक्षेला तू बसली नाहीस. महिन्याभरात घरही सोडलंस.

परीक्षकाकडून चूक झाली, असं मी प्राचार्यांना लेखी कळवलं आहे. तुला पुन्हा बसता येईल. अर्ज सोबत जोडला आहे. त्यांच्यापुरतं ‘चूक’ हे पुरेसं आहे. तुला तो शब्द लिहिणं लबाडीचं होईल. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी संग्रहालयात एकटी गेले आणि भिंग घेऊन मुळं पाहिली. टोकं उघडी होती. मी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात त्याच जबड्याचं चित्र होतं आणि त्याखाली नऊ वर्षे छापलेलं होतं. निकालावर सही दुपारी चारला करायची होती. ते पाच तास मी खुर्चीत बसून काढले, आणि मग सही केली.

तुझीच,
आई