डोंगरातली कोरी जागा

आठवा महिना, तिसरा दिवस

आज पुन्हा खोकला! हिवाळ्यापासून ऐकू येतोय. वळून बघावं तर कोणी नाही — भिंतीवर चित्र तेवढं. नवऱ्याने काढलेलं.

दोन वर्षं झाली त्याला डोंगरात जाऊन. ताओ — ती थोर वाट — शोधतो म्हणे! जाताना म्हणाला, "तूही ये मागाहून. वाट दाखवीन तुला." मी म्हटलं, चुलीत घाल तुझी वाट!

महिन्याभराने चहाच्या हमालाबरोबर हे चित्र पाठवलं. खाली ओढ्याकाठचा आमचा दुभंगलेला पाइन, वर कडा, मध्ये सगळं कोरं. धुकं म्हणे. लोकांची चित्रं भिजवून, पाठीला कागद चिकटवून देण्यात माझी वीस वर्षं गेली. याला हात लावला नाही. राहू दे सुरकुतलेलं! सासूबाईंनीच खिळ्यांवर टांगलं.

पाचवा दिवस

सासूबाईंनी चित्रापुढे भाताची वाटी ठेवली. "भूक लागली असेल गं माझ्या शिउयानला."

"कोऱ्या कागदाला?"

"तो म्हणायचा, रिकामं दिसतं तिथेच सगळं असतं."

"मग वाटीही रिकामीच ठेवा!"

हसल्या नाहीत.

नववा दिवस

ती कोरी जागा बघते माझ्याकडे. चिकटवायची खळ शिजवताना पाठीवर नजर जाणवते.

अकरावा दिवस

खोकला. आज सासूबाईंनीही मान वळवली.

बारावा दिवस

बस्स! उतरवलं. चिकटवून, गुंडाळून पेटीत घालायचं ठरवलं. उपडं टाकलं, पाणी मारलं. कागद भिजून काळवंडला — आणि कोऱ्या जागेत एक रेघ कोरडीच! तुरटीच्या पाण्याने काढलेली. एरवी दिसत नाही. भिजवलं की तेवढी पाणी पीत नाही.

वाट होती. पाइनपासून कड्यामागे, झोपडीपर्यंत. दारात दोघं. एकीच्या हातात रुंद कुंचला — माझा, खळ लावायचा.

भिजवणार कोण? मीच. त्याला ठाऊक होतं.

वाळायच्या आत वाट पाठ केली. उपड्या चित्रात डावं ते खरं उजवं.

चौदावा दिवस

निघते. सासूबाईंनी त्याचे कापसाचे बूट बांधून दिले. "लगेच भांडू नकोस हं."

सोळावा दिवस

पोचले. शेजारची जोगीण म्हणाली, "कुंचलावाल्या बाई ना तुम्ही? हिवाळ्यात गेले ते. खोकून खोकून."

दारात दोन बुटकी स्टुलं. एक बसून बसून गुळगुळीत.

दुसरं कोरं.