मेलेल्या राणीचा किस्सा

४ एप्रिल १९६१, हॉर्शम

क्लेमचं डोकं ठिकाणावर नाही. आज पुन्हा वेळेआधी हसला!

मेलेल्या राणीचा किस्सा. मी स्टेजवर मरून पडलेय, कुणाचं तरी मेंढ्या राखायचं कुत्रं वर चढतं आणि माझ्या अंगावर बसून तोंड चाटायला लागतं. विंगेत पुस्तक धरून बसलेला प्रॉम्प्टर त्याला दबक्या आवाजात म्हणतो, "ऊठ!" मला वाटतं, मलाच — आणि राणी ताडकन उठून बसते. मग मी सांगते, "त्याच प्रॉम्प्टरशी लग्न केलं मी." तिथे हशा पडतो. नाटक सोडून पुस्तक लिहिलं, गावोगावच्या महिला मंडळांत बोलत फिरायला लागले, ते या एका पानाच्या जोरावर.

आणि हा माझा नवरा? मी किस्सा सुरू करते न करते तोच शेवटच्या रांगेतून गडगडाटी हसला. त्याचं बघून सगळं सभागृह हसत सुटलं. किस्सा राहिलाच.

७ एप्रिल

जेवताना म्हटलं, "जरा धीर धर की हसायला." "बरं, म्हातारे," म्हणाला आणि मटणावर पुदिन्याचा रस ओतत बसला.

१३ एप्रिल, डिम्बूला

आज कहर. मी बोलता बोलता थांबले होते — मुद्दाम. थांबण्यातच तर गंमत असते. तेवढ्यात बायकांच्या टोप्यांवरून मागून क्लेमचा आवाज: "मग आपण मेलबर्नला गेलो!" सगळ्या वळून वळून हसल्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "दोघं मिळून केवढी तालीम करत असाल हो!"

गाडीत मी नको नको ते बोलले. नवीन प्रॉम्प्टरांना हाच शिकवायचा — नटी गप्प झाली की तिचे डोळे बघा. डोळे शांत असतील तर ती थांबलीय. शोधत असतील तरच ओळ द्या, आणि पडदा पडल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढू नका. "विसरलास सगळं?" म्हटलं.

"नाही विसरलो." एवढंच. गाडी चालवत राहिला.

बिचारा. भीती वाटते मला. हा डोळ्यांदेखत असा हरवत चाललाय आणि मी त्याच्यावर ओरडतेय.

१९ एप्रिल

उद्या निल गावाला एकटीच जाणार. क्लेमला आराम हवा.

"येतो की मी. मागे बसेन, तोंड नाही उघडणार."

"नको."

मग त्याने माझे बूट पुसून दारात ठेवले. फार जीव आहे माझा त्याच्यावर, हे इथे तरी लिहून ठेवते.

२० एप्रिल, निल

बायकांनी किती केलं होतं — स्पंज केक, लॅमिंग्टन, स्कोन. राणीचा किस्सा सुरू केला. कुणी हसेना. चेहरे प्रेमळ, पण गप्प. कुत्रं आलं, राणी उठली, तरी नाही. पुढे काय सांगायचं होतं ते आठवेना. मी थांबले. मागून कुणीच बोललं नाही.

चहाच्या वेळी मंडळाच्या अध्यक्षा मिसेस क्रॉझियर यांनी मला बाजूला नेऊन बसवलं. हात हातात घेतला.

"राणीची गोष्ट तुम्ही आधी सांगितली होतीत, बाई. सुरुवातीलाच. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. दुसऱ्यांदाही गोडच वाटली."

मी कप खाली ठेवला. त्या पुढे सांगत राहिल्या.

"माझी बहीण हॉर्शमच्या सभेला होती. तिथेही दुसऱ्यांदा सुरू केलीत म्हणे. पण तुमचे मिस्टर असे काही हसले, तिला वाटलं हे ठरवूनच चाललंय. आज नाही आले ते?"

केक तसाच बशीत ठेवून मी घरी निघाले.

२१ एप्रिल

क्लेम बशा पुसत होता. विचारलं, "केव्हापासून विसरतेय मी?"

"पुस्तकाच्या आधीपासून," म्हणाला. "म्हणून तर मागे लागलो होतो तुझ्या, सगळं लिहून काढ म्हणून."